शेवटचा मोरपंखी तुकडा

उरण रस्त्यावर आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. न्हावा शेव्याला जाणारे ट्रेलर दिवसभर समोरून जातात आणि त्यांतला एखादा आमच्या दारात थांबतो. ड्रायव्हर खाली उतरतो, फाटक्या सीटकडे बोट दाखवतो आणि पलीकडच्या टपरीवर चहाला निघून जातो. तो परत येईपर्यंत सीट बाहेर काढलेली असते. माझं लहानपण या दुकानात, रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे गेलं. शाळेतून आले की दप्तर शिलाई मशीनखाली सारायचं आणि बाबांनी हाक मारली की फर्मा धरायला उभं राहायचं.

फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना. रेक्झिन टेबलावर पालथं, म्हणजे कापडाची बाजू वर करून पसरायचं, त्यावर फर्मा ठेवायचा आणि कडेने खडू फिरवायचा. मग तोच फर्मा पलटायचा आणि शेजारी पुन्हा खडू फिरवायचा. सीटला डावी बाजू असते तशीच उजवी असते, आणि ड्रायव्हरची सीट असते तशी क्लीनरचीही असते. त्यामुळे प्रत्येक तुकडा एकदा सुलटा आणि एकदा उलटा कापावाच लागतो. त्यातला आधी कुठला कापला, याला काहीच महत्त्व नसायचं. बाबा "हा झाला, आता त्याचा जोडीदार" म्हणायचे आणि मी फर्मा पलटायचे.

बाबा गव्हाणच्या बाजूचे, चौथीपर्यंत शिकलेले. पनवेलमध्ये एका उस्तादांच्या हाताखाली त्यांनी हे काम शिकून घेतलं आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. आई मशीनवर बसू लागली. दादा दहावीनंतर दुकानात आला. मी मात्र शिकत राहिले, बी.कॉम. झाले आणि आता बंदरातल्या मालाची कागदपत्रं तयार करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करते. आमच्या घरात पदवी मिळालेली मी पहिलीच. लग्नानंतर नवीन पनवेलला राहते, पण सुट्टीच्या दिवशी दुकानात गेल्याशिवाय मला सुट्टी लागल्यासारखी वाटत नाही.

गेल्या दिवाळीच्या काही महिने आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला. झटका सौम्य होता, वेळेवर दवाखान्यात नेलं. बोलणं आणि चालणं लवकर सुधारलं. उजवा हात तेवढा मागे राहिला. व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगितलं होतं. बाबांनी चेंडू नातवाला खेळायला देऊन टाकला आणि स्वतः फोमचा तुकडा दाबत बसले. त्यांच्या खिशात कायम एक तुकडा असायचा. पुढे ते दुकानात यायला लागले, कापायलाही लागले, पण एकदा ती मोठी कात्री त्यांच्या हातून निसटली आणि पायाच्या अगदी जवळ पडली. लागलं काही नाही. दादा मात्र घाबरला. त्याने कात्री उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि बाबांना सांगितलं की आजपासून तुम्ही गिऱ्हाईक बघा, कापायचं माझ्यावर सोडा.

दादाला मी दोष देत नाही. झटका आला तेव्हा बाबांना उचलून रिक्षात घालणारा तोच होता. पण बाबांचं काय झालं ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आमच्या धंद्यात कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. शाळेत बाई वडिलांचं काम विचारायच्या तेव्हा मी "मास्तर" म्हणायचे आणि त्यांना वाटायचं, शिक्षक आहेत. आता हे मास्तर गल्ल्यापाशी बसून उशांत भरायला फोमचे बारीक तुकडे करत होते. एका ट्रेलरवाल्याने दादाला "ओ मास्तर" म्हणून हाक मारली. दादाने ओ दिली नाही. बाबा पाणी प्यायला म्हणून उठून आत गेले. आईने मला फोनवर हे सांगितलं.

दिवाळीनंतर डॉक्टरबाई त्यांची गाडी घेऊन आल्या.

डॉक्टरबाई म्हणजे आमच्या भागातल्या जुन्या सुईणीपासून सुनेपर्यंत सगळ्यांना माहीत असलेल्या बाई. आता त्यांनी दवाखाना बंद केला आहे. पण तो चालू होता त्या काळात त्या स्वतः पद्मिनी गाडी चालवत गव्हाणला, उलव्याला, पार करंज्यापर्यंत बाळंतपणाला जायच्या. त्या गाडीच्या सीट बाबांनी केल्या होत्या, मोरपंखी रंगाच्या रेक्झिनच्या. तो रंग बाईंनी स्वतः निवडला होता. आता त्यांच्या मुलाने हौसेने गाडीचं इंजिन आणि रंग करून घेतला होता, राहिला होता डॅशबोर्ड. उन्हाने त्याच्यावरचं काळं आवरण तडकून वर आलं होतं, आणि फटींतून फोम दिसत होता.

दादाने पुढे होऊन मोबाइलवर लेदरचे नमुने दाखवले. काळं लेदर, दुहेरी शिलाई, एकदम नव्या गाडीसारखं दिसेल म्हणाला. बाईंनी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि विचारलं, "मास्तर कुठे आहेत?"

बाबा गल्ल्यामागून उठले.

"मास्तर, तुम्ही केलेल्या सीट अजून धड आहेत. डॅशबोर्ड त्यांच्यासारखाच करून द्या. आणि कापायचं तुम्ही."

दादाने हळूच सांगून पाहिलं की बाबांचा हात अजून तितका चालत नाही. बाई म्हणाल्या, "हात मी पाहिलाय." ते खरं होतं. बाबा दवाखान्यातून घरी आल्यावर बाई त्यांना बघायला आल्या तेव्हा त्यांनी बाबांना आपली बोटं दाबायला लावली होती.

बाबांनी जाऊन गाडीच्या सीटवरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्याच रोलातला तुकडा हाय, बाई. पोटमाळ्यावर. तेवढाच हाय."

तो रंग आता कुठे मिळत नाही. दादाने लगेच मुंबईत दोन-तीन जणांना फोटो पाठवून विचारलं, कुणाकडेच नव्हता. म्हणजे जे काही होतं ते पोटमाळ्यावर होतं, आणि ते एका डॅशबोर्डापुरतं होतं.

त्या दिवशी मी दुकानात होते. बाई गेल्यावर दादा मला बाहेर घेऊन आला आणि म्हणाला, "ही एक गाडी करू दे त्यांना. नीट झाली तर टेबल त्यांचं, मी मधे येणार नाही. नाही झाली तर तू त्यांना सांगायचंस, की आता बास. माझं ते ऐकत नाहीत." दुकान लहान आहे. बाहेर बोललेलं आत ऐकू जातं. आम्ही आत आलो तेव्हा बाबा खिशातला फोम काढून दाबत होते.

डॅशबोर्ड आम्ही आधी कधी केला नव्हता. ट्रेलरचा, टेंपोचा डॅशबोर्ड कुणी मढवून घेत नाही आणि नव्या गाड्यांचा सगळा प्लास्टिकचा असतो. दादाने स्क्रू काढून तो बाहेर घेतला. जुनं आवरण सोलताना आतला फोम हाताला लागताच भुसभुशीत होऊन खाली पडत होता, आणि त्यातून सुक्या मासळीचा वास येत होता. दादा नाक धरून म्हणाला, "बाईंनी इथे बाळंतपणं केली की बोंबील वाळवले?" पुढे बाईंना विचारलं तेव्हा त्या हसल्या. करंज्याच्या बायका त्यांना निघताना सुकटीची पुडी दिल्याशिवाय सोडत नसत. सीटला वास लागू नये म्हणून बाई ती पुडी समोर डॅशबोर्डवर ठेवायच्या, आणि घरी पोहोचेपर्यंत उन्हात ती आणखी वाळायची.

पत्र्यावरचा जुना गोंद पॉलिश पेपरने घासून काढायचं काम आईने आणि मी केलं. दादाने नवा पातळ फोम चिकटवला. बाबांनी पोटमाळ्यावरचा तुकडा काढवून घेतला. इतकी वर्षं घडी राहिल्याने त्याला मोडी पडल्या होत्या. दादा गरम हवेची हॉट गन आणायला निघाला तर बाबा नको म्हणाले, ऊन पुरे. मग तो मोरपंखी तुकडा बाईंच्या गाडीच्या बॉनेटवर पसरून ठेवला. दुपारपर्यंत मोडी निघून गेल्या. रस्त्याने जाणारी माणसं वळून बघत होती, कारण धुळीच्या त्या पट्ट्यात असा रंग दुसरा नव्हता.

फर्मा बाबांनी बनवला. डॅशबोर्डवर वर्तमानपत्र अंथरलं, तळव्याने दाबून दाबून त्याच्या कडा उमटवून घेतल्या, मग त्या एका फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवल्या. आकार लांबट होता. उजवीकडे, स्टिअरिंगच्या समोर, मीटरवर येणारा गोल उंचवटा, आणि डावीकडे कप्प्यावरून जाणारा सपाट भाग. पुठ्ठा डॅशबोर्डवर ठेवून पाहिला. चपखल बसला.

टेबल मोकळं केलं. तुकडा पालथा पसरला. बाबांनी त्यावर फर्मा ठेवला, आणि मी लहानपणासारखी दोन्ही हातांनी तो दाबून धरला. आई मशीनवरून उठून आली होती. दादा टेबलाच्या टोकाला उभा होता. बाबांनी कडेने खडू फिरवला. मग दादाने फळीवरून कात्री काढून त्यांच्यापुढे ठेवली.

बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि कापायला सुरुवात केली. आधी कात्री अडखळली. मग तिला तिची चाल सापडली. जाड रेक्झिन कापताना कात्रीचा एक आवाज होतो, सलग, करकर असा, आणि तो मधे तुटला तर समजायचं की हात थांबला. उंचवट्याच्या वळणावर मी कान देऊन होते. आवाज तुटला नाही. शेवटचं टोक सुटलं तेव्हा कडेवर कुठे दात पडला नव्हता. दादाने बोट फिरवून पाहिलं आणि समोरच्या टपरीवर गेला. सगळ्यांसाठी चहा आणि गरम भजी घेऊन आला. आईने कधी नव्हे ती बाबांची चेष्टा केली, म्हणाली, "अवो, आता उशा कोन भरनार?"

चहा झाल्यावर बाबांनी तुकडा उचलला, सुलटा केला, आणि डॅशबोर्डवर अंथरला.

तो बसला नाही. मीटरचा उंचवटा कप्प्याच्या बाजूला आला होता. बाबांना वाटलं, आपण धरलाय उलटा. त्यांनी तो फिरवला. तरी नाही. मग त्यांनी तुकडा पालथा केला, कापडाची बाजू वर. आता तो तंतोतंत बसला, कडेला कड, वळणाला वळण. पांढुरकं कापड वर आणि मोरपंखी रंग खाली.

फर्मा सुलटा ठेवून पालथ्या रेक्झिनवर आखला होता. आयुष्यभर तसंच आखलं होतं. सीटच्या बाबतीत त्याने कधी काही बिघडलं नाही, कारण उजवी म्हणून कापलेली डावीकडे लागायची आणि तिचा जोडीदार लगेच मागून यायचा. डॅशबोर्डला जोडीदार नव्हता, आणि दुसरा तुकडाही नव्हता.

बाबा स्टुलावर बसले. उजवा हात मांडीवर ठेवून त्यावर डावा ठेवला. म्हणाले, "झाला. कात्री ठेव वर."

दादाने कात्री वर ठेवली नाही. पण टेबलावरच्या चिंध्या गोळा करत राहिला, एकदाही वर न बघता. आईने चहाचे ग्लास उचलले. मला ठरल्याप्रमाणे बोलायचं होतं, ते मला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत होतं. मी बाहेर आले. दादाही मागोमाग आला.

मी त्याला विचारलं की फर्मा ठेवला तेव्हा तू टेबलाशी होतास ना.

"होतो."

आणि तुला दिसलं का?

"मी असतो तर मी पण तसाच ठेवला असता," तो म्हणाला. "मला अजून नीट कळायला वेळ लागतोय की उलटं कुठे झालं."

मी म्हटलं, मग हे मला सांगू नकोस.

तो आत गेला. बाबांच्या शेजारी टेबलावर अर्धवट टेकून बसला आणि त्याच्या नेहमीच्या आडवळणी पद्धतीने म्हणाला की मी कापला असता ना, तर आतापर्यंत चिकटवायचं सोल्युशन लावून बसवायलाही घेतला असता, आणि बाईंना सांगितलं असतं की ही नवीन फॅशन आहे. आई हसली. बाबा हसले नाहीत. पण त्यांनी दादाकडे मान वळवून पाहिलं. "तुला पन नाय दिसला?" त्यांनी विचारलं.

"नाही दिसला, बाबा."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांना आधी फोन करून सांगावं असं दादाचं म्हणणं होतं, बाबा नाही म्हणाले. समोर सांगायचं. बाबांनी तुकडा डॅशबोर्डवर आधी सुलटा आणि मग पालथा अंथरून दाखवला, आणि म्हणाले, "बाई, तुमचा रंग मी घालवला."

बाई चष्मा वर करून तुकड्याजवळ गेल्या. तो बसतो की नाही हे त्यांनी पाहिलंच नाही. त्या कापलेल्या कडेवरून हळूहळू बोट नेत होत्या, एका टोकापासून उंचवट्याच्या वळणावरून दुसऱ्या टोकापर्यंत. टाके कसे भरलेत ते बघताना त्या असंच करायच्या, असं आई मला नंतर म्हणाली. मग त्यांनी बाबांचा हात मागितला, दाबायला लावला.

"हात चाललाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "चूक झालीय, पण ती हाताने केलेली नाही." आणि दादाकडे वळून, "तुझं काय म्हणणं?"

दादा म्हणाला की त्याचंही तेच म्हणणं आहे. फक्त आता मटेरियल कुठून आणायचं ते तेवढं सांगा.

बाईंना एक सुचलं. दवाखान्यातलं बाकडं. त्याचं कव्हर याच रोलातलं होतं. ते काढून घ्या म्हणाल्या, तसंही आता त्यावर कुणी बसत नाही.

त्या बाकड्याविषयी मला सांगितलं पाहिजे. मी अकरावीत होते तेव्हा आमच्या घरी अभ्यासाला जागा नव्हती आणि दुकानात मशीनचा आवाज. बाईंनी मला दुपारी दवाखाना बंद असताना तिथे बसायची परवानगी दिली. किल्ली कुंडीखाली ठेवलेली असायची. भिंतीशी पेशंटचं लांब बाकडं होतं, त्याचं आवरण फाटून स्पंज वर आला होता. मी तिथे बसते हे कळल्यावर एका रविवारी बाबा हत्यारांची पिशवी घेऊन गेले आणि बाईंच्या सीट करून उरलेल्या रोलातून त्या बाकड्याला नवं कव्हर घालून आले. सोमवारी मी कुलूप काढून आत गेले तर बाकडं मोरपंखी झालेलं. बारावीनंतर घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा याच बाई दुकानात येऊन बाबांना म्हणाल्या होत्या की मास्तर, हिला इतक्यात उठवू नका, बसू द्या अजून. बाबांनी बसू दिलं. पदवीची सगळी पुस्तकं मी त्या बाकड्यावर वाचली.

आम्ही तिघं दवाखान्यात गेलो, बाबा, बाई आणि मी. खिडकी उघडली. बाकडं तिथेच होतं, धुळीने थोडं फिकं. बाबांनी त्यावर हात टेकवला, दोन बोटांत रेक्झिन धरून ओढून पाहिलं आणि मान हलवली. इतक्या लोकांनी बसून ते ताणलं गेलं होतं, आणि काही ठिकाणी कडक झालं होतं. डॅशबोर्डच्या वळणावर ते चिरलं असतं. बाकड्याचं कव्हर काढलं जाणार नाही हे कळून मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं.

बाबा निघाले नाहीत. ते बाकड्यावरच बसले. बसल्या बसल्या त्यांची बोटं बाकड्याच्या मधोमध फिरत होती. तिथे शिवण होती. बाकडं लांब होतं आणि रोल तितका रुंद नव्हता, म्हणून तेव्हा त्यांनी दोन तुकडे जोडून आईकडून मधे दुहेरी शिवण घालून घेतली होती. मी त्या शिवणीच्या एका बाजूला वह्या ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला बसायचे. ती मला पाठ होती.

"बाय," बाबा मला म्हणाले, "तो तुकडा मधे कापला तर?"

मला आधी समजलं नाही. त्यांनी माझ्या पिशवीतून पेपर काढला, आकार फाडला, जसा तो चुकून कापला गेला होता तसा, उंचवटा डावीकडे. मग तो मधोमध फाडला आणि दोन्ही अर्ध्यांच्या जागा बदलल्या. डावं अर्धं उजवीकडे गेलं. उंचवटा मीटरच्या जागी आला. त्याची उतरण दोन्ही बाजूंना सारखीच होती, त्यामुळे बाजू बदलल्याने फरक पडत नव्हता. आधीची टोकं आता मधे आली होती, तिथे शिवायला भरपूर कापड होतं. बाहेरची दोन टोकं मात्र थोडी तोकडी पडत होती, पण तिथे काचेच्या खांबाची पट्टी येते. खाली काळ्या रेक्झिनची चिंधी जोडली तर कुणाला दिसणार नव्हती.

बाईंनी विचारलं, म्हणजे डॅशबोर्डच्या मधे शिवण येणार? बाबा म्हणाले, "येल. दिसल."

"या बाकड्यासारखी?"

"तशीच."

"मग चालेल," बाई म्हणाल्या.

दुकानात परत आल्यावर तुकडा पुन्हा टेबलावर पसरला. बाबांनी पट्टी ठेवून मधोमध रेघ आखली. ही एकच रेघ कापायची होती, पण आधीच्या साऱ्या कापण्यापेक्षा ती अवघड होती, कारण आता चुकलं तर हातात दोन चिंध्या राहणार होत्या. बाबा थांबले. त्यांनी दादाकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता त्याला कापायला सांगणार.

दादाने कात्री उचलली, पात्यांना तेलाचं बोट लावलं, आणि मुठीची बाजू त्यांच्याकडे करून पुढे धरली.

"घ्या मास्तर," तो म्हणाला.

त्याने बाबांना या नावाने आधी कधीच हाक मारली नव्हती. घरातलं कुणीच मारत नाही. बाबांनी कात्री घेतली. डावा हात मनगटावर ठेवला आणि कापलं.

शिवण आईने घातली, बाकड्याला घातली होती तशी दुहेरी. दोरा बाबांनी निवडून दिला होता, पण तिने तो बाजूला ठेवून दुसरा काढला आणि तोच लावला. रेक्झिन आणि फोम दोन्हींना सोल्युशन लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून, मधल्या शिवणीपासून सुरुवात करत आम्ही ते बसवलं. बाबा आणि दादा समोरासमोर, एकाने ओढायचं, दुसऱ्याने तळव्याने दाबत जायचं. मीटरच्या उंचवट्यावर एक बारीक सुरकुती राहिली. दादा म्हणाला गरम करून काढतो. बाबा म्हणाले राहू दे, उन्हात आपोआप जाईल. ती अजून गेलेली नाही.

बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा दारात एक ट्रेलर लागलेला होता आणि त्याची सीट आत टेबलावर होती. बाई गाडीत बसल्या, मधल्या शिवणीवर हात ठेवला आणि बाबांना म्हणाल्या, "चला मास्तर, एक चक्कर मारून येऊ. बघू, काही हलतंय का." बाबा म्हणाले की काम आहे. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी बसले, क्लीनरच्या बाजूला, मोरपंखी सीटवर.

उरण रस्त्याने आम्ही थोड्या पुढे गेलो. ऊन समोरून येत होतं. बाईंनी डॅशबोर्डकडे बघत विचारलं की आता यावर सुकट ठेवली तर मास्तर रागावतील का. मी म्हटलं, रागावतील.

परत आलो तेव्हा बाबा टेबलाशी उभे होते. ट्रेलरच्या सीटचा फर्मा त्यांनी रेक्झिनवर ठेवला होता आणि आखण्याआधी त्याच्या एका बाजूला खडूने मोठा गोल काढत होते. ड्रायव्हरची बाजू. सीटला तशा खुणेची गरज नसते. दादा समोरून फर्मा धरून उभा होता आणि कुरकुरत होता की आता प्रत्येक पुठ्ठ्यावर हे करत बसणार का.

"धर नीट," बाबा म्हणाले.